चारचा कट्टा कोण ऐकतं?

जयमाला पगारे हिला कशाची भीती वाटत नाही, हे शोधायला बसलं असतं तर हाती काही लागलं नसतं. कुत्रं, पाल, पंगतीत वाढायला उभं राहणं, मास्तरांनी वर्गात नाव पुकारणं, दारात अनोळखी माणूस येणं, कशानंही तिच्या छातीत धडकी भरायची. राजूरच्या शाळेत पोरी तिला भित्री भागूबाई म्हणत. आईचं नाव भागीरथी. त्यामुळं पोरी आपल्यालाच नावं ठेवतात असं आईला वाटे, आणि ती शाळेच्या फाटकाशी जाऊन भांडून येई. त्या भांडणाचीही जयमालाला भीतीच वाटे.

वडील, भीमराज, दुधाचा टँकर चालवायचे. सुट्टीत ते तिला केबिनमध्ये शेजारी बसवून संगमनेरला नेत. केबिनमध्ये रेडिओ असायचा. त्यातली बाई भावगीतापासून बाजारभावापर्यंत सगळं एकाच शांतपणानं सांगायची. एकदा जयमालानं विचारलं, "आबा, ती बाई दिसती कशी?"

"दिसून काय करायचंय? आवाज हाय की."

एवढंच बोलणं झालं. पण बोलता येतं आणि कुणी बघत नाही, असंही एक काम जगात असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढं बारावी झाली, लग्न झालं, वर्षभरात ती माहेरी परत आली. त्याबद्दल ती बोलत नाही. मग ती बी.ए. करत असताना संगमनेरजवळच्या एका शिक्षणसंस्थेनं छोटं रेडिओ केंद्र काढलं. त्याचा आवाज आसपासच्या गावांपर्यंत आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत पोचायचा. जयमालानं आवाजाची चाचणी दिली ती डोळे मिटून. तिला घेतलं. गावाकडं वडील वारल्यावर तिनं आईला संगमनेरला आणलं आणि दोघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागल्या.

रोज दुपारी चार वाजता तरुणांसाठी तिचा 'कट्टा' लागे. गाणी, परीक्षेच्या गोष्टी, भरतीच्या जाहिराती, अधूनमधून एखादा फोन. लाल दिवा लागला की तिचे हात अजूनही गार पडत. पण काचेच्या त्या खोलीत एक मोठा धीर होता, आणि तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता. तिला मनातून खात्री होती, की हे कुणी ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात संचालक सरांनी सगळ्यांना बोलावलं. कॉलेजच्या पोरांनी आपल्याच सोबत्यांना विचारत एक पाहणी केली होती. रेडिओ ऐकता का, या प्रश्नाला बहुतेकांनी हसून उत्तर दिलं होतं. एकानं तर रेडिओ आमच्या गोठ्यात असतो, म्हशी ऐकतात, असं सांगितलं होतं.

सर म्हणाले, "जयमालाबाई, राग मानू नका. पण तरणी पोरं मोबाईलवर असतात. कट्टा या महिनाअखेरीला थांबवू. त्या वेळात शेतीचं काहीतरी घेऊ. एखादा तरी तरुण श्रोता दाखवा, मी शब्द मागं घेतो."

जयमाला 'बरं सर' म्हणाली. बाहेर आल्यावर परवेझ, म्हणजे केंद्राची सगळी यंत्रं सांभाळणारा पोरगा, म्हणाला, "ताई, भांडायचं ना! आपण बचत गटांना रेडिओ वाटले होते, त्यांच्या घरी पोरं नसतील का?"

"त्यात आता कोंबड्या बसत असतील," जयमाला म्हणाली.

त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

कट्टा निम्म्यावर आला होता. फोन वाजला, परवेझनं तो थेट कार्यक्रमात सोडला. पलीकडं आधी नुसता श्वास ऐकू आला.

"बोला, कट्ट्यावर कोण आलंय?"

"ताई…" आवाज इतका बारीक, की जयमाला माइककडं वाकली. "मी रोज ऐकते. माझ्या मैत्रिणीचं लगीन हाय परवा. ती धाव्वीला हाय. तिला न्हाई करायचं. तिचा मोबाईल घेतलाय काढून. हा आईचा हाय. तिनं काय करायचं?"

"तुझी मैत्रीण कुठल्या…"

मागं कुठंतरी एका पुरुषाचा आवाज आला. काहीतरी भांडं पडलं आणि फोन तुटला.

लाल दिवा जळत होता. रेडिओवर शांतता पडली आणि ती पसरत चालली. काचेपलीकडून परवेझ हातवारे करत होता, बोला, बोला. तिच्या कानात तेवढंच भांडं वाजत होतं. मैत्रीण कसली, ती पोर स्वतःबद्दलच बोलत होती, हे तिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. आणि हे सगळं थेट गेलं होतं. त्या घरात कुणी ऐकलं असेल तर?

"लाइन तुटली बहुतेक," तिनं कसंबसं म्हटलं. "तोवर गाणं ऐकू या."

गाणं सुरू होताच परवेझ आत आला. "नंबर आहे. लावू?"

"नको!" ती जवळजवळ किंचाळली. "फोन आता कुणाच्या हातात असेल? आपण लावला तर पोरीचं काय होईल?"

परवेझनं मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण गाव विचारलं. गाव माहीत नव्हतं. नंबरवरून काढता येईल, पण त्याला वेळ लागेल, आणि लग्न परवावर आलेलं. गाव कळलं तर सकाळी माणसं पाठवता येतील, असं त्या म्हणाल्या.

गाणं सरत आलं. जयमालाला वाटलं, उठावं, दार उघडावं आणि थेट घरी आईजवळ जाऊन बसावं. पोरीशी बोलायचा एकच रस्ता उरला होता, हा समोरचा माइक. पण त्यातून जे जाणार ते त्या पुरुषाच्याही कानावर जाणार. उघड बोलावं तर ते लोक लग्न उद्याच उरकतील. गप्प बसावं तर परवा उरकतील. आणि मुळात ती पोर अजून रेडिओजवळ आहे का, हे तरी कुणाला ठाऊक?

दिवा लागला. ती काय बोलली ते नंतर तिला नीट आठवलंही नाही. ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा स्वतःचा आवाज तिला परका वाटला, कारण तो हसरा होता.

"आज कट्ट्यावर एक गंमत करू या. आपले सर म्हणतात, तरणी पोरं रेडिओ ऐकत नाहीत. मी आता एकेका गावाचं नाव घेणार. तुमच्या गावाचं नाव आलं की एक मिस कॉल द्यायचा. बोलायचं काहीच नाही. फोन उचलणारच नाही मी. नुसता मिस कॉल. ज्यांनी मघाशी फोन केला होता त्यांनीसुद्धा द्यायचा बरं का."

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर तिच्या मनात आलं, जास्त बोललो का आपण?

तिनं पहिल्या गावाचं नाव घेतलं आणि ती घोटभर पाणी प्यायली. फोन थरथरला. मग पुन्हा. दुसरं नाव घेतलं, तर पहिल्याचेच कॉल अजून येत होते. तिसऱ्या नावानंतर फोन टेबलावरून सरकायला लागला. परवेझ तोंड उघडं टाकून बघत राहिला. कुठल्या कुठल्या वाडीतून, कांद्याच्या चाळीतून, शेळ्यांमागून, नर्सिंगच्या वसतिगृहातून (काहींनी न राहवून नंतर मेसेजही पाठवले) पोरं मिस कॉल देत होती. दुसरा कुठला दिवस असता तर जयमालाला रडू आलं असतं. आता तिचे डोळे फक्त येणाऱ्या नंबरांवर होते. एवढ्या गर्दीत त्या पोरीचा नंबर आला आणि निसटला तर?

गावांची नावं ती मुद्दाम सावकाश घेत होती. नाव घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, पडद्याकडं बघायचं. डोंगराकडच्या वाड्या आल्या. "पिंपळदरा," ती म्हणाली, "तुमच्याकडं थंडी कशी काय?"

तो नंबर आला. एकदा वाजला आणि बंद झाला.

परवेझ काचेपलीकडं उडालाच. जयमालाला मात्र थांबता येत नव्हतं. त्या नावावर थांबली असती तर ऐकणाऱ्याला वास आला असता. तिनं पुढचं गाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. संगमनेरपर्यंत येऊन हसत हसत सगळ्यांचे आभार मानले आणि दिवा विझल्यावर टेबलावर डोकं ठेवलं. परवेझनं तेवढ्यात मदत क्रमांकावर गाव कळवलं.

ती रात्र तिनं आईच्या अंथरुणाशेजारी काढली.

सकाळी अधिकारी आणि पोलीस पिंपळदऱ्याला जाऊन आले. मदत क्रमांकाच्या बाईंनी जयमालाला फोनवर सगळं सांगितलं. पोरीचं नाव शुभांगी, आई रंगुबाई. वडील वारलेले. घर चुलत्याच्या, बजरंगच्या, हातात. त्यानं हात जोडून सांगितलं, लग्न कसलं साहेब, घरात पूजा हाय. पोरगी कुठं, तर मामाकडं गेलीय. मामाकडं विचारलं, तर तिथं नाही. शोध चालू होता.

दुपारी केंद्राच्या आवारात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून उतरलेला माणूस उंच, पांढऱ्या कपड्यातला, कपाळाला गंध. तो शिपायाला न विचारता आत आला. परवेझशी बोलत असलेल्या जयमालाकडं त्यानं नुसतं बघितलं.

"तुमीच त्या कट्ट्यावाल्या बाई."

तिला नाही म्हणायचं होतं.

"नगा सांगू. आवाज वळखला मी दारातूनच. आमच्या टेम्पोत ह्योच लावलेला असतोय. माजी दोन पोरं ऐकत्यात रोज चारला, कांदा भरता भरता. काल त्यांनीच मिस कॉल दिला, मी शेजारीच हुतो." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "मंग घरातल्या फोनमदी तुमचा नंबर घावला. पोरगी कुटं हाय?"

जयमालाला आधी कळेचना. "म्हणजे?"

"येड घिऊ नका पांगरून. सकाळी मळ्यातल्या खोपीत ठिवली हुती. हळदीच्या अंगानं पळाली. तिच्या आयनं कडी काढली. तिला मी इचारलं, ती तोंड उघडंना. पोरगी तुमच्याकडंच येनार."

हाच बजरंग. त्यानं रंगुबाईला कसं विचारलं असेल, ते जयमालाला त्याच्या हाताकडं बघून कळलं. आणि त्यापेक्षा मोठी भीती आत उतरली. पळालेली पोर सकाळपासून एकटी आहे. पिंपळदऱ्याच्या वाटेवर विहिरी आहेत. आपण मिस कॉल मागितला नसता तर कदाचित ती आज घरात असती. जिवंत असती, असं मनात आलं आणि तिनं तो विचार तिथंच दाबला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"मंग मी बसतो हितंच. येईल तवा येईल."

सर बाहेरगावी गेले होते. परवेझनं पोलिसांना फोन केला. गाडी पिंपळदऱ्याकडं होती, यायला वेळ लागणार होता. चार वाजायला आले. बाहेरच्या खोलीत केंद्राचं प्रसारण लहानशा स्पीकरवर कायम चालू असे, आणि त्याच्याखालीच बजरंग मांडी ठोकून बसला होता.

"आज मी बोलतो ताई, तुम्ही मागच्या दारानं घरी जा," परवेझ हळूच म्हणाला.

ती गेली असती. तिचे पाय मागच्या दाराकडं वळलेही. मग तिच्या लक्षात आलं, त्या पोरीकडं आता फोन नाही आणि रेडिओही नाही. तिला काही सांगायचा रस्ताच उरलेला नाही. जे ऐकतात त्यांनाच सांगायला हवं. आणि काल दुपारपर्यंत तिला वाटत होतं तसं आता वाटत नव्हतं. ऐकणारे होते. फोन टेबलावरून सरकताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

"आतून कडी लाव," ती परवेझला म्हणाली.

दिवा लागला. हसरा आवाज आज काही केल्या येईना. ती जशी होती तशीच बोलली, कापऱ्या आवाजात.

"कट्ट्यावरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आज गाणं नाही. एक शाळकरी मुलगी आज सकाळपासून वाटेवर एकटी आहे. तिच्या अंगाला हळद लागलेली आहे. तिनं काही चूक केलेली नाही. तुम्ही बसमध्ये असाल, जीपमध्ये असाल, रानात असाल, तुम्हाला ती दिसली तर तिला एकटं सोडू नका. तिला रागवू नका. तिच्या घरी फोन करू नका, तिला जवळच्या पोलीस ठाण्यात सोबत घेऊन जा. पोरींनो, तुम्ही दोघी-तिघी असाल तर तिला मधे बसवा…"

दारावर धाडकन आवाज झाला.

"बंद कर ते! ए बाई!"

दार हादरलं. परवेझ पाठ लावून दाराला उभा राहिला. जयमालाचे डोळे मिटले गेले, आवाजाच्या त्या चाचणीच्या वेळेसारखे. धडका माइकमधून बाहेर जात होत्या, साऱ्या तालुक्याला ऐकू जात होत्या. तिला वाटलं, आता कडी तुटणार. ती तेच तेच पुन्हा म्हणत राहिली. हळद लागलेली मुलगी. एकटं सोडू नका. मधे बसवा.

मग धडका थांबल्या. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो आवाज धडकांपेक्षा भयंकर वाटला. बजरंग पोरीला शोधायला निघाला होता. सगळ्यांना सांगताना आपण त्यालाही घाई करून दिली, हे तिला तेव्हा कळलं.

फोन येऊ लागले. एक आजोबा कुठल्याशा हरवलेल्या शेळीबद्दल बोलू लागले. एका पोरानं बसस्टँडवर हळदीची नवरी बघितली होती, पण ती नवऱ्यासोबत होती. मग एक मुलीचा आवाज आला, मागं गाडीची घरघर.

"ताई, आमी राजूरच्या काळी-पिवळीत हावोत. कॉलेजातनं घरी चाललोय. डायवरदादांनी तुमचाच रेडिओ लावलाय. ती मघाच हाताला ओढनी गुंडाळून आमच्याशेजारी बसली हुती. आमाला वाटलं ताप आलाय तिला. आमी तिला मधी घेतलीय. आता आमी…"

"थांब!" जयमालानं आवाजाची दांडी झटकन खाली ओढली. रेडिओवर पुन्हा शांतता पडली, पण या वेळी ती मुद्दाम पाडलेली होती. "गाडी कुठं आहे ते रेडिओवर नको. मला एकटीला सांग."

पोरीनं सांगितलं. ड्रायव्हरनं जीप तिथूनच वळवली होती. बाकीचे उतारू काय म्हणाले, असं नंतर कुणीतरी विचारलं, तेव्हा ती मुलगी म्हणाली, एक म्हातारी कुरकुरली, बाकी कुणी काही बोललं नाही. पोलिसांना जयमालानं जागा कळवली आणि मग दांडी पुन्हा वर करून तिनं लागोपाठ गाणी लावली. दुसरं काही करायचं त्राण तिच्यात नव्हतं. पोलीस ठाण्यातून मदत क्रमांकाच्या बाईंचा फोन येईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

"पोहोचली," त्या म्हणाल्या. "घाबरलीय, पण धड आहे. विचारते, ताईंना कळलं का म्हणून."

लग्न झालं नाही. बजरंगवर गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला. शुभांगीला काही दिवस मुलींच्या बालगृहात ठेवलं. पुढं रंगुबाई तिला घेऊन घोडेगावला आपल्या बहिणीकडं गेली. ती आता तिथल्या कांद्याच्या वखारीत कामाला जाते. गावातलं घर आणि जमिनीतला वाटा दोन्ही मागं राहिलं आणि परत मिळायची चिन्हं नाहीत. रंगुबाईचा उजवा खांदा अजून नीट वर होत नाही. शुभांगी दहावीच्या परीक्षेला बसली. गणितात कच्ची आहे म्हणतात.

सरांनी कट्टा चालू ठेवला. सत्कार करायचाही घाट घातला होता. जयमाला म्हणाली, फोटो येणार असेल तर मी येणार नाही, आणि सत्कार राहून गेला.

तिची भीती मात्र कमी झाली नाही, उलट वाढली. आता ती भाजीवाल्याशी बोलतानाही आवाज बदलते. मागून टेम्पो आला की रस्त्याच्या कडेला उभी राहून तो जाऊ देते. आई म्हणते, "सोड ती नोकरी, घरी शिलाईमशीन घे. माजं आईक." जयमाला ऐकून घेते.

परवा कोर्टाची तारीख होती. साक्ष द्यायला जयमालाला बोलावलं होतं. ती सकाळपासून दोनदा ओकली, तरी गेली. परवेझ सोबत होता. व्हरांड्यात समोरच्या बाकावर बजरंग त्याच्या माणसांसह बसलेला. त्यानं बघितलं, तिनंही बघितलं आणि नजर जमिनीवर टाकली. दुपारपर्यंत पुकारा झाला नाही. मग कुणाचे तरी वकील आले नाहीत म्हणून पुढची तारीख मिळाली.

"आता परत यायचं?" बाहेर आल्यावर परवेझनं विचारलं.

"यायचं," जयमाला म्हणाली. "चल, चार वाजायला आलेत."